सातव्या दगडापर्यंत

फुमी तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती.

म्हणजे तशी रोज सकाळी बोलायची. मी झाडू घेऊन बाहेर आले की ती तिच्या दारात कमरेतून वाकायची आणि म्हणायची, "आज गारठा आहे, नाही?" मीही वाकून म्हणायची, "हो ना, फारच." संपलं. क्योतोत याला बोलणं म्हणत नाहीत. इथली माणसं भांडण झाल्यावर जितकं गोड बोलतात तितकं लग्नकार्यातही बोलत नाहीत.

त्याआधी चाळीस वर्षं आमचं अगं-तुगं होतं. एकाच वर्षी दोघी लग्न होऊन या गल्लीत आलो. तिचं घर देवळाच्या फाटकाला लागून, माझं त्याच्या पुढचं. तिच्या सासूबद्दलची गाऱ्हाणी मी ऐकली, माझ्या सासूबद्दलची तिने. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात तीच वावरत होती. अशी बाई एक दिवस मला "किनुयोसान, तुमचे फार उपकार झाले" म्हणाली. किनुयोसान! तुमचे! थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

माझी चूक काय झाली होती, ते मला माहीत होतं. निदान तसं मला वाटत होतं. आमच्याकडे सकाळी आपल्या दारासमोरची जागा झाडायची आणि शेजाऱ्याच्या हद्दीतली फूटभर. फुटापेक्षा कमी झाडलं तर माणूस घुमा ठरतो. जास्त झाडलं तर शेजाऱ्याला तोंडावर आळशी म्हटल्यासारखं होतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक असेल. आणि तो मी मोडला. एकदा नव्हे, एकोणपन्नास दिवस मोडला. फुमीचा नवरा एसाकू नोव्हेंबरातल्या एका सकाळी अचानक गेला. एकोणपन्नास दिवसांचं सुतक, बाई आत मूर्तीसमोर बसलेली, बाहेर देवळाच्या गिंको झाडाच्या पानांचा खच. मी काय बघत बसू? तिचं दार रोज फाटकापर्यंत लख्ख झाडून काढलं. पन्नासाव्या दिवशी तिने स्वतः झाडू हातात घेतला आणि मला ते "किनुयोसान" ऐकवलं.

मी म्हटलं, ठीक आहे. अभिमानी बाई आहे, उपकाराचं ओझं झालं असेल. चार दिवसांनी निवळेल. चार दिवसांची तीन वर्षं झाली. आम्हा दोघींची सत्तरी उलटली आहे. आता रुसायचं तरी किती दिवस, हा हिशेब मला रात्रंदिवस छळायचा. पण आधी बोलणार कोण?

अशात सोल्वेग आली.

मुलं आपापल्या गावी गेल्यापासून माझ्या वरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. बहुतेक परदेशी. मला त्यांचं काही म्हणजे काही कळत नाही. बारा-बारा तास विमानात बसून येतात आणि आमच्या गटाराच्या झाकणांचे फोटो काढतात. रस्त्यावरच्या थंड पेयांच्या यंत्रापुढे देवळात उभं राहावं तसे उभे राहतात. मी नाश्त्याला साधा भाजलेला मासा आणि मिसोचं सूप ठेवलं तरी आधी पाच मिनिटं ताटाचाच फोटो. सूप निवतं, माझं डोकं तापतं. फुमी एकदा म्हणाली होती, "तुमच्याकडे किती वर्दळ असते हो, बॅगांच्या चाकांनी गल्ली कशी जिवंत वाटते!" याचा अर्थ ओळखून मी त्याच संध्याकाळी फाटकाशी पाटी लावली, बॅगा उचलून न्याव्यात म्हणून.

सोल्वेग आइसलँडची. शाळेची बस चालवायची, आता निवृत्त. उंच, हाडापेराने दणकट, पासष्टीची बाई. तिला आमची भाषा येत नव्हती आणि मला कुठलीच येत नाही, म्हणून आमचं बोलणं तिच्या फोनमधून चालायचं. ती काहीतरी बोलायची आणि फोनमधला बुवा घसा खाकरल्यासारखा, बातम्या दिल्याच्या सुरात सांगायचा, "हा मासा अत्यंत रुचकर आहे." ती हसत असायची, बुवा मात्र गंभीर.

तीन दिवस ती माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी सोन्याचं देऊळ, दुसऱ्या दिवशी बांबूचं बन, असं सगळे करतात तसं करेल असं मला वाटलं. छे! ही रोज सकाळी नाश्ता झाला की दारातल्या दगडावर बसायची आणि देवळाच्या गिंकोकडे बघायची. फुमीच्या दारासमोरच ते झाड आहे, साडेतीनशे वर्षांचं. तेव्हा ते पिवळंधमक होतं, पण पानं सोडत नव्हतं. दिवसाला चार-दोन पडायची, ती मी आणि फुमी लगेच उचलायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बुवाकडून विचारवलं, "इथे पडणारी पाने कुठे जातात?"

मी छाती फुगवून सांगितलं, "काळजीच करू नका. आमच्या गल्लीत एक पान जमिनीवर दहा मिनिटं टिकत नाही."

बुवाने ते तिला सांगितलं आणि तिचा चेहरा असा पडला, की मला वाटलं बुवाने मध्येच काही शिवी घातली.

मग तिने पुस्तकातून एक घडी केलेला कागद काढला. मोठ्या कॅलेंडरचं पान, नोव्हेंबरचं. फोटो होता. चष्मा आत राहिलेला, म्हणून मला आधी नुसतं पिवळं दिसलं. मग देवळाचं फाटक दिसलं, आणि माझं घर! माझ्या दारासमोर घोट्याएवढी पानं. लाजेने मेल्यासारखं झालं हो मला. आमच्या दारातला कचरा छापून जगभर वाटला होता!

"हे माझ्या स्वयंपाकघरात दोन वर्षे लावलेले होते," बुवा म्हणाला. "मी नोव्हेंबर उलटलाच नाही. आमच्याकडे झाडे माझ्या खांद्याला लागतात. पाने पडली की वारा ती समुद्रात नेतो. मला या पानांत एकदा उभे राहायचे होते. उद्या सकाळी दहा वाजता मी निघणार."

"मग आता भिंतीवर काय आहे?" मी विचारलं.

"डिसेंबर. पण मी त्याच्याकडे बघत नाही."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. एवढी मोठी बाई, जगाच्या टोकावरून आली, तीन दिवस दगडावर बसून राहिली, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत एकेक पान टिपून पिशवीत भरत होते. एकदाही तिने "नका उचलू" म्हटलं नाही. भिडस्त असावं माणसाने, पण इतकं? त्या बाबतीत ती आमच्या गल्लीत सहज खपली असती.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, पहाटे पहिलं दहिवर पडणार, दव गोठणार. दहिवर पडलं की गिंको थांबत नाही, एका सकाळीत सगळा अंगरखा उतरवून मोकळा होतो. म्हणजे उद्या सकाळी पानं पडणार होती. फक्त ती दहा वाजेपर्यंत जमिनीवर राहायला हवी होती. माझ्या हद्दीतलं मी बघू शकत होते. लोक काय म्हणतील ते म्हणोत, एक दिवस नाही झाडणार. पण झाड फुमीच्या दारासमोर, निम्म्याहून जास्त पानं तिच्या हद्दीत. आणि फुमी पहाटे साडेपाचला झाडू घेऊन हजर असते. भूकंप झाला तरी ती आधी झाडेल आणि मग पळेल.

म्हणजे तिला सांगायला हवं होतं. तीन वर्षांनी तिच्या दारात जाऊन, "उद्या झाडू नकोस" एवढे तीन शब्द.

खोटं कशाला बोलू, मला मनातून आनंदच झाला. निमित्त मिळालं होतं. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? कोपऱ्यावरच्या दुकानातून पुरण भरलेल्या मांजूचा मोठा खोका आणला. फुमीचा जीव आहे त्यांच्यावर. रेशमी रुमालात बांधला आणि तिचं दार सरकवलं.

"कोण? अय्या, किनुयोसान! या ना, दारात का उभ्या?" याचा अर्थ दारातच उभ्या राहा.

"नाही नाही, कामात असाल. हे आपलं काहीतरी किरकोळ. नावालाच."

"अहो, हे कशाला? एवढं मोठं?"

"कसलं मोठं! तोंड गोड करायला."

"मला फार संकोच वाटतो हं."

"संकोच कसला त्यात!"

मी वाकले, ती वाकली. ती वाकली म्हणून मी पुन्हा वाकले. या गडबडीत ते तीन शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले. समोरच्याला काम सांगायचं आणि तेही सरळ, याची आम्हाला सवयच नाही. शेवटी मी म्हटलं, "उद्या पहाटे दहिवर आहे म्हणतात. तुमचे गुडघे... उद्या सकाळी जरा पडून राहिलात तर बरं. पानांचं काय एवढं!"

फुमीने माझ्याकडे बघितलं. मग खोक्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "तुमची माया आहे हो," ती म्हणाली आणि दार हळूच सरकलं.

मी घरी आले ते तरंगतच. सांगितलं की! यापेक्षा आणखी स्पष्ट काय असतं? सोल्वेगला म्हटलं, "उद्या सकाळी सात वाजता खाली या. पानं असतील." ती इतकी खूश झाली, की तिने मला उचललंच. खरंच उचललं, जमिनीवरून. असं मला माझ्या नवऱ्यानेही कधी उचललं नव्हतं.

रात्री मी घड्याळाचा गजर बंद केला. झाडायचं नाही तर उठायचं कशाला? त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सव्वासहापर्यंत झोपले. छान स्वप्नंबिप्नं पडली.

सातला सोल्वेग खाली आली. केस विंचरलेले, लाल मफलर, हातात ते कॅलेंडरचं पान. मी दार सरकवलं.

गिंकोवर एक पान नव्हतं. नुसत्या काळ्या फांद्या.

आणि गल्लीतही एक पान नव्हतं. फाटकापासून फुमीच्या दारापर्यंत, तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत, माझ्या दाराच्या पुढे शिंप्याच्या दुकानापर्यंत दगड धुतलेल्या ताटासारखे चकचकत होते. वर पाणीसुद्धा शिंपडलं होतं. माझ्या भिंतीशी चौदा पिवळ्या पिशव्या ओळीने, तोंडाला एकसारखी गाठ मारून ठेवलेल्या. आणि त्यांच्याशेजारी फुमी, डोक्याला फडकं, गाल लाल, कमरेवर हात. तीन वर्षांत मी तिला इतकं समाधानी पाहिलं नव्हतं.

"झोप झाली का, किनुयोसान?" ती म्हणाली. "म्हटलं, तुमचं दारही करून टाकावं. काल तुम्ही एवढा मोठा खोका आणलात. मला तेवढंच जमण्यासारखं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परतभेट! कुणी काही दिलं की ते परत केल्याशिवाय आम्हाला घास उतरत नाही, हे मला शेंबड्या वयापासून माहीत. आणि मी काय केलं? झाडू नकोस म्हणून सांगायला भला मोठा खोका घेऊन गेले. त्या खोक्याच्या ओझ्याखाली बिचारी पहाटे चारला उठली आणि अख्खी गल्ली झाडून बसली.

मी वळून सोल्वेगकडे पाहिलं. ती पिशव्यांकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि हसली. काही हरकत नाही, असं ते हसू. त्या हसण्याने माझा बांध फुटला.

"फुमे!" मी ओरडले. गल्लीत, सकाळी सात वाजता, पाहुण्यासमोर. "फुमे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का गं? मला ती पानं हवी होती! या बाईला हवी होती! त्यासाठीच तर आले होते मी काल!"

फुमीच्या तोंडाचा आ झाला. "मग सांगायचं नाही?"

"सांगितलं ना! पडून राहा म्हटलं!"

"ते गुडघ्यांसाठी म्हणालीस! पानं नको झाडूस असं कुठे म्हणालीस? सरळ बोलायला काय जीभ झडत होती?"

"तू बोललीस का सरळ? तीन वर्षं? तुझं दार झाडलं म्हणून रुसलीस, पण एकदा तरी म्हणालीस का, नको झाडूस म्हणून?"

"कशी म्हणू?" आता फुमीही ओरडत होती. तिचं डोक्याचं फडकं सुटून खांद्यावर आलं होतं. "सगळी गल्ली तुझं कौतुक करत होती. कशी गं म्हणू? एकोणपन्नास दिवस आभार मानले मी तुझे, रोज, दात आवळून!"

"पण का?"

तिने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग बोलली ते खालच्या आवाजात.

"त्या दिवशी तो झाडत होता. मध्येच आत आला. म्हणाला, चहा ठेव, अर्धं राहिलंय, पिऊन करतो. आणि पडला. गाडी आली, मी सोबत गेले. संध्याकाळी त्याला हॉस्पिटलातच ठेवून एकटी परत आले. वाटेत सारखं मनात होतं, तो कुठपर्यंत झाडत आला होता ते बघायचं. बस, तेवढंच बघायचं होतं मला. कोपऱ्यावरून वळले आणि गल्ली लख्ख. त्याने कुठवर झाडलं आणि तू कुठून, काही कळेना. झाडूसुद्धा धुऊन, मागच्या खिळ्याला उलटा टांगलेला."

"शेंड्याला चिखल होता गं," मी म्हटलं. तीन वर्षं मला वाटत होतं, ती उपकाराला रुसली. आणि मी तिच्या दारातून काय झाडून नेलं होतं! चांगुलपणा म्हणून. गाडी गेली आणि पाचच मिनिटांत मी बाहेर आले होते, तिला परत आल्यावर पसारा दिसू नये म्हणून. तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावून कुणी परदेशी मध्येच उभा होता, त्यालाही झाडूने हटकलं होतं मी.

कॅमेरा.

सोल्वेगला वाटलं, आम्ही तिच्यापायी भांडतोय. ती घाईघाईने मध्ये आली, फोनमध्ये काहीतरी बोलली. बुवा म्हणाला, "कृपया कलह करू नका. माझ्याकडे हे आहे. मला हे पुरे आहे." आणि तिने ते कॅलेंडरचं पान आमच्या दोघींच्या मध्ये उघडून धरलं.

मी आत पळाले. चष्मा घेऊन आले.

फोटोत माझ्या दारासमोर घोट्याएवढी पानं होती, ती मी काल पाहिलीच होती. चष्म्याशिवाय जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. फाटकाच्या बाजूने दगड स्वच्छ होते. करड्या दगडांवर झाडूच्या ओल्या रेघा, एकीला लागून एक. त्या रेघा फुमीच्या दारावरून येत होत्या, गटाराच्या झाकणापुढे जरा येत होत्या, आणि तिथे थांबत होत्या. तिथून पुढे सगळं पिवळं. आणि झाडाला झाडू टेकवून ठेवलेला, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"फुमी," मी म्हटलं, "बघ."

तिने कागद हातात घेतला. मग तिचं बोट झाकणावर आलं आणि तिथून पुढे एकेक दगड मोजू लागलं. ओठ हलत होते.

"सात," ती म्हणाली. "सातव्या दगडापर्यंत आला होता."

ती चालत गेली. झाकणापासून मोजत सातव्या दगडाशी थांबली आणि तिथे उभी राहिली, कागद छातीशी धरून. मी रडत होते. सोल्वेगला काही कळलेलं नव्हतं, पण तीही रडत होती. रडताना मला वाटलं, कॅमेरावाल्या त्या माणसाला मी झाडूने हाकललं होतं. तो आत्ता भेटला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

तेवढ्यात कोपऱ्यावरून कचऱ्याची गाडी वळली.

फुमीचे गुडघे तेव्हा कुठे गेले होते कोण जाणे. ती पळत गेली आणि गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. "एकाही पिशवीला हात लावायचा नाही!"

हेल्मेट घातलेले दोन बाप्ये खाली उतरले. थोरला म्हणाला, "आजी, आज नाही नेला तर पुढच्या फेरीपर्यंत कचरा दारात राहील हं."

"कचरा कुणाला म्हणतोस रे?" फुमी म्हणाली. "धर ती पिशवी. सोड गाठ."

आणि चौदाच्या चौदा पिशव्या उघडल्या. आरडाओरडा ऐकून देवळातले भटजी बाहेर आले, तेही बाह्या सरसावून लागले. गाडीवाल्यांनी एकेक पिशवी डोक्यावर धरून उलटी केली. लगेच वाद सुरू झाला.

"असं ओतू नका, ढीग दिसतो," भटजी म्हणाले. "पान काय ढिगाने पडतं का? जरा उंचावरून, एकेक."

"एकेक टाकलं तर दुपार होईल. पाहुणीला दहाला जायचंय," मी म्हटलं.

"निदान देठ एका दिशेला तरी नकोत."

"तुम्ही मंत्र सांभाळा, भटजी, पानं मी बघते," फुमी म्हणाली. कागद समोर धरून ती एखाद्या मुकादमासारखी हुकूम सोडत होती. "किनुयो, तुझ्या पायरीवर आणखी. फोटोत पायरी दिसत नाहीये. ए हेल्मेटवाल्या, मागे सर! सातव्या दगडाच्या अलीकडे एक पान आलं तर याद राख. इकडे स्वच्छच राहिलं पाहिजे."

तिने मला किनुयो म्हटलं होतं. मी पायरीवर इतकी पानं टाकली, की दार सरकेना.

शेवटी फुमी मागच्या अंगणात गेली आणि झाडू घेऊन आली. मुठीला निळी चिकटपट्टी. कागदात बघून तिने तो झाडाला टेकवला, मागे सरून पाहिलं, पुन्हा जाऊन बोटभर डावीकडे केला.

"हं," ती म्हणाली. "आता सांग तिला."

सांगायची गरजच नव्हती. सोल्वेग बूट काढून पानांत शिरली होती. आधी नुसती उभी राहिली. मग गुडघ्यांवर बसली. मग अख्खी सहा फुटी बाई सरळ पानांत आडवी झाली, हात पसरून, आणि आकाशाकडे बघून मोठमोठ्याने हसायला लागली.

"अगं, ओलं आहे ते! सर्दी होईल!" फुमी ओरडली. "किनुयो, सांग ना तिला!"

बुवाने ते सांगितलं असेल नसेल. ती उठली नाही. गाडीवाल्यांपैकी धाकट्याने हळूच मोबाइल काढून तिचा फोटो काढला, मग गटाराच्या झाकणाचाही काढला. मी पहिल्यांदाच त्या झाकणाकडे नीट बघितलं. त्यावर आमच्या शहराचं चिन्ह कोरलेलं आहे. वाईट नाही दिसत.

पावणेदहाला तिची टॅक्सी आली. तोवर एसाकूचं मी तिला बुवाकडून आणि कॅलेंडरचं फुमीला सांगून टाकलं होतं. निघताना तिने ते कॅलेंडरचं पान नीट घडी करून दोन्ही हातांनी फुमीपुढे धरलं. फुमी दोन पावलं मागे सरली. "नको, नको, हे तिचं आहे, दोन वर्षं जपलेलं."

बुवा म्हणाला, "हे तुमचे आहे. मी फक्त सांभाळत होते. आता मी डिसेंबरकडे बघायला मोकळी."

फुमीने पान घेतलं. घेतलं मात्र, तिच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा भाव आला. घेतलं म्हणजे परत करायला हवं! ती आत पळाली आणि एक रेशमी रुमालात बांधलेला खोका घेऊन आली. रुमाल माझा होता, खोकाही माझाच. माझे मांजू माझ्या डोळ्यांदेखत आइसलँडला निघाले होते.

"चार खाल्ले हं मी त्यातले," फुमी माझ्या कानाशी कुजबुजली. "सांगू नकोस."

त्या दिवशी पानं तशीच राहिली. येणारे-जाणारे थबकत होते. शिंप्याची बायको म्हणाली, "अगंबाई, आज तुमच्याकडे किती रंगीत दिसतंय!" याचा अर्थ मला कळला, पण मी म्हटलं, "हो ना, बसा की दगडावर घटकाभर." फुमी दिवसभर दार उघडं ठेवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी झाडू घेतला. माझं दार झाडलं. तिच्या हद्दीत फूटभर गेले आणि थांबले, अगदी फूटपट्टीने मोजावं तशी.

फुमी बाहेर आली. झाडाला टेकवलेला एसाकूचा झाडू तिने उचलला. फाटकापासून झाडत, आपल्या दारावरून, झाकणावरून पुढे आली. सातव्या दगडाशी थांबली. तिथून माझ्या फुटापर्यंतचा पट्टा तसाच पिवळा राहिला होता. तिने वर बघितलं.

"गारठा आहे, नाही?" मी म्हटलं.

"मरू दे तो गारठा," ती म्हणाली. झाडू पुन्हा झाडाला टेकवला आणि हात झटकले. "अर्धं राहिलंय, ते राहू दे. मी चहा ठेवते, तू ये."

ती आत गेली. त्या पट्ट्यात हातभर पानं होती, दोन मिनिटांचं काम. माझे हात शिवशिवत होते. मी माझा झाडू तिच्या झाडूशेजारी टेकवला, दारात चपला काढल्या आणि आत गेले.